लागूंवरचा कार्यक्रम, परवानग्या आणि सनावळ्या: जरा सविस्तर उत्तर

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या मंडळाची सगळी धावपळ आठवली. डॉ. श्रीराम लागूंच्या जन्मशताब्दीला, १६ नोव्हेंबर २०२७ ला, नाशिकमध्ये कार्यक्रम करायचाय, एखादा चित्रपट दाखवायचाय, त्यांच्या कामाचे फलक लावायचेत. परवानगीबद्दल जो तो वेगळं सांगतोय आणि चित्रपटांची सालं कुठेच जुळत नाहीत. आम्हीही लागूंवरच कार्यक्रम केला होता आणि याच दोन ठिकाणी अडकलो होतो. निवेदक, पडदा, चहा हे तुम्हाला सांगायला नको.

परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या वर्षानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९७२ चा ‘पिंजरा’ २०३२ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे. घरात डीव्हीडी आहे म्हणून सभागृहात लावता येत नाही. (मी वकील नाही. ओळखीच्या वकिलाला एकदा विचाराच.)

आता आमचं काय झालं ते. मुंबईतल्या एका कार्यालयात आम्ही अर्ज दिला. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही. तिथल्या साहेबांनी तोंडी सांगितलं, ‘होऊन जाईल, तुम्ही हॉल घेऊन टाका.’ घेतला. मग पत्र आलं की अर्ज विहित नमुन्यात नाही. नमुना मागितला तर तो दुसऱ्या टेबलावर, आणि दुसऱ्या टेबलाचे गृहस्थ रजेवर. ते आल्यावर कळलं की हा विषय मुळात त्यांच्या अखत्यारीतच नाही, निर्मात्याकडे जा. हे वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? तोवर तारीख डोक्यावर आलेली, चित्रपट रद्द, हॉलचं डिपॉझिट गेलं. मंडळाच्या त्या वर्षीच्या वर्गणीचा मोठा भाग त्यातच बुडाला. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून तुम्ही कुठल्याही कार्यालयाच्या पायऱ्या चढू नका. श्रेयनामावलीतल्या निर्मिती संस्थेपासून सुरुवात करा. हक्क पुढे विकले गेले असतील तर तेच सांगतात कुणाला. होकार लेखी घ्या, त्यात तारीख, ठिकाण आणि ‘विनातिकीट’ हा शब्द असू द्या. हॉल त्यानंतर. तोंडी होकाराला शून्य किंमत द्या, समोरचा कितीही गोड बोलो.

सालांचा घोळ का होतो? कुणी सेन्सॉर प्रमाणपत्राचं साल धरतं, कुणी प्रदर्शनाचं, कुणी पुरस्काराचं. ‘सामना’ कुठे १९७४, कुठे १९७५ (बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत तो १९७५ ला होता). ‘सिंहासन’ कुठे १९७९, कुठे १९८०. एकच कसोटी ठरवा आणि फलकाच्या खाली ती लिहा, म्हणजे फलक वाचताना कुणी काका हुज्जत घालणार नाहीत. घालतीलच म्हणा, पण तुमच्याकडे उत्तर असेल.

माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या: शंभरावर चित्रपटांची यादी भिंतीवर लावू नका. हिंदीतले वडील, डॉक्टर, न्यायाधीश एकामागोमाग एक वाचून माणूस कंटाळतो. मराठीबाहेरचे तीन पुरेत. ‘घरौंदा’तला श्रीमंत मालक, ज्याला फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, ‘गांधी’तले गोखले, आणि मृणाल सेनच्या ‘एक दिन अचानक’मधला प्राध्यापक, जो पावसात घराबाहेर पडतो तो परतत नाही. मराठीत ‘पिंजरा’ सगळ्यांनी बघितलाय, ‘सामना’ दाखवा. निळू फुल्यांचा हिंदुराव आणि समोर लागूंचा दारूत बुडालेला मास्तर, एवढ्यावर हॉल बसून राहतो.

आणि कणा नाटकाचाच ठेवा. पुण्यात आणि टांझानियात टाबोराला कान-नाक-घशाची डॉक्टरकी केलेला माणूस १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्ण वेळ नट झाला तो ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. ते वसंत कानेटकरांचं. पुढच्या वर्षी ‘नटसम्राट’, कुसुमाग्रजांचं. मग ‘हिमालयाची सावली’, पुन्हा कानेटकर. दोघेही आपल्या गावचे! चित्रपट आले ते ‘नटसम्राट’नंतर. हे नाशिकचं नातं नाशिककरांना नाशिकमध्ये कुणी सांगत नाही. एचपीटी कॉलेजच्या पोरांना एक फलक यावरच करायला द्या, कानेटकर तिथेच शिकवायचे. तरुण मंडळी ‘नटसम्राट’ म्हटलं की २०१६ चा नाना पाटेकरांचा चित्रपट समजतात, तेही तिथेच स्पष्ट होईल. नाटकांच्या बाजूसाठी लागूंचं आत्मचरित्र ‘लमाण’ हाताशी असू द्या. सावानात (सार्वजनिक वाचनालयात) विचारा.

चित्रपटाचे हक्क नाहीच मिळाले तर नाटकांतले उतारे वाचा. हौशी संस्थेने पैसे न घेता नाट्यप्रयोग करायला कायद्यात सवलत आहे, चित्रपटाला ती लागू नाही. तरी हक्कदारांना एक पत्र टाकाच, सौजन्य म्हणून.

जाता जाता: २०२७ सिंहस्थाचं वर्ष आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वण्यांच्या काळात शहरात काही काम होणार नाही, त्यामुळे पत्रव्यवहार जुलैपूर्वी उरका. १६ नोव्हेंबरला मंगळवार येतो, नोकरदार मंडळी यायला हवी असतील तर साडेसहाच्या आधी सुरू करू नका. पुण्याहून पाहुणे बोलावणार असाल तर त्यांची खोली आत्ताच सांगून ठेवा.