थिन क्लायंटवर (ऑफिसच्या सर्व्हरला जोडून चालणारं छोटं मशीन) व्हीपीएन कनेक्टेड दिसतं पण रिमोट डेस्कटॉप (ऑफिसच्या सर्व्हरची स्क्रीन घरी) उघडत नाही, बंद-चालू केलं की सेटिंग उडतं, आणि कधी उघडलंच तर स्क्रीन अडकते, काय करू?

व्हीपीएन कनेक्ट होतंय ना, मग युजरनेम-पासवर्डात उगाच डोकं घालू नका. आधी घरच्या राउटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बघा. तुम्ही लिहिलंय ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.२० आहे, आणि घरोघरचे बरेच राउटर १९२.१६८.१.१ वरच असतात, त्यामुळे त्या बिचाऱ्या थिन क्लायंटला वाटतं की हे घरातलंच कुठलं तरी मशीन आहे, तो काही टनलमधे (व्हीपीएनचा ऑफिसपर्यंतचा रस्ता) पाठवतच नाही, घरातल्या घरात हाका मारत बसतो. मी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कंपन्यांची नेटवर्कची कामं करतो, घरून काम करणाऱ्यांच्या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं. राउटरच्या लॅन सेटिंगमधे जाऊन आयपी १९२.१६८.४७.१ असा काहीतरी वेगळा करा, रिस्टार्ट मारा, बस. फक्त घरच्या प्रिंटरला फिक्स आयपी दिला असेल तर तो परत सेट करावा लागेल, नाहीतर घरचे तुमच्या नावाने ओरडणार.

दुसरं, बंद करून चालू केलं की वायफायचा पासवर्ड आणि व्हीपीएन दोन्ही उडतं म्हणताय, तर मशीन खराब नाहीये. विंडोजवाल्या थिन क्लायंटमधे राइट फिल्टर असतो, तुम्ही जे काही सेव्ह कराल ते रॅममधे राहतं आणि रिस्टार्टला पुसलं जातं. ऑफिसच्या आयटीवाल्याला सांगा की अॅडमिनने लॉगिन करून फिल्टर बंद कर, रिस्टार्ट कर, मग वायफाय-व्हीपीएन टाक आणि फिल्टर परत चालू करून अजून एकदा रिस्टार्ट दे. तो "करतो, करतो" म्हणेल, समोर बसून करून घ्या.

आता स्क्रीन अडकण्याचं. तुम्ही दांडिया बाजारात जुन्या घरात राहता ना, तिथल्या त्या जाड भिंतींमधून वायफायचं ५ गिगाहर्ट्झ धड जात नाही, २.४ जातं पण शेजारपाजारच्या सगळ्यांचं वायफाय त्याच्यावरच. टॅली-एक्सेलला स्पीड फार लागत नाही हो, १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन काही होत नाही, पॅकेट (डेटाचे तुकडे) गळायला नकोत एवढंच. राउटरला पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी कमांड) लावून ठेवा, आकडा ३ वरून ३०० वर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा, तिथे लॅनची वायर ओढा. पिंग साफ आहे पण लॉगिननंतर काळी स्क्रीन येऊन थांबतं असं असेल तर व्हीपीएनचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) १३५० करून बघा.

आणि कोणी म्हणालं की व्हीपीएन सोडा, ऑफिसच्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा, तर अजिबात ऐकू नका, रॅन्समवेअरवाले तो पोर्ट शोधतच फिरत असतात.

मॉडेल लिनक्सवालं असेल तर सेटिंग सेव्ह करायची जागा वेगळी असते, कोणतं आहे ते कळवा, मग सांगतो.