दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी वजन बघ

अगं पोरी,

फोनवर म्हणालीस, पहिल्याच्या वेळचं वजन अजून उतरलं नाही आणि घरात दुसऱ्याचं सुरू झालंय. आधी तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांचं सरकारी कार्ड शोध, त्यात पहिल्या तपासणीला लिहिलेलं वजन असेल, ते बघ आणि आजचं करून घे. जाऊबाईकडं बघून काही ठरवू नको, तिचं अंग वेगळं.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. तुझ्यासारख्या पाच फुटी बाईला त्याचा एक आकडा म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास, तीन आकडे म्हणजे सात किलो. स्वीडनमधल्या दीड लाखावर बायकांच्या पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणाचा अभ्यास २००६ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला होता, त्यात मधल्या काळात एवढं वजन वाढलेल्यांना दुसऱ्या वेळी बीपी, शुगर, सिझेरियन जास्त दिसलं, मुळात जाड नसलेल्यांनासुद्धा. एक-दोन आकडे वाढले तरी शुगरचा धोका वाढतोच. आणि आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर धरते, म्हणून इकडचे डॉक्टर बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात.

आईच्या डिंकाच्या लाडवांना दोष देऊ नको. दूध पाजताना पाचेकशे कॅलरी जास्तीच्या लागतातच की. पण पोर वरचं खायला लागलं, दूध कमी झालं, तरी तुझ्या ताटातलं तूप तेवढंच राहिलं, वर पोराच्या वाटीत उरलेला तूपभात टाकवत नाही म्हणून तूच खातेस, आणि रात्रीची झोप तर नाहीच, मग वजन उतरणार कुठून? याला आळस म्हणणाऱ्यांनी आधी एक रात्र पोर सांभाळून दाखवावं.

नुसत्या चहावर दिवस काढूलीस असं आई म्हणत होती, ते आजपासून बंद. वाळून काटकी होऊन दिवस गेले तर बाळ लवकर यायची भीती असते. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं पोटभर खा, भाताची दुसरी वाढणी तेवढी सोड, संध्याकाळी पोराला घेऊन किल्ला तळ्याकडं चालून ये. घाई कशाला, बाळंतपणानंतर परत दिवस राहायच्या आधी निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत असं डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना पण सांगते, सासूबाईंना मी बोलते.

आणि मधेच दिवस गेलेच तर वजन उतरवत बसू नको, तेव्हा ती वेळ नसते. पहिल्याच तपासणीला शुगर टेस्ट मागून घे, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, उपाशीपोटीच जायला पाहिजे असं नाही. नंतर बघू म्हणाले तरी तू हट्टानं करून घे.

तुझी मावशी