बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेची) इतकी रेकॉर्डिंग्ज लोक का जमवतात? स्वरलिपी तर एकच ना?

स्वरलिपी एकच, पण सगळं काही कागदावर उतरत नाही. सुरुवातीचे चार स्वरच घ्या. चौथ्यावर थांबण्याची खूण आहे. किती थांबायचं ते कंडक्टरनं, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्यानं ठरवायचं. जर्मन कंडक्टर फुर्टवेंगलर मे १९४७ च्या बर्लिनच्या मैफलीत तो स्वर इतका ताणतो की जीव टांगणीला लागतो. युद्धानंतर बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासमोर तो प्रथमच उभा राहिला, ते याच मैफलींत. कार्लोस क्लायबर (व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४) तिथं फार रेंगाळत नाही, नुसता सुसाट सुटतो. पण एकही वाद्य गढूळ ऐकू येत नाही. एकच घ्यायचं तर मी डोळे झाकून हेच घेईन. गार्डिनरच्या १९९४ च्या रेकॉर्डिंगमध्ये जुन्या धाटणीची वाद्यं आहेत आणि बीथोव्हेननं स्वतः दिलेल्या, मिनिटाला १०८ ठोक्यांच्या मेट्रोनोम-लयीच्या जवळ जाण्याची धडपड.

तुलना करायची तर पहिल्या भागात बऱ्याच पुढे सगळे थबकतात आणि ओबो (फुंकून वाजवायचं एक वाद्य) एकटाच बोलतो, ती जागा ऐका. कुणाचा ओबो विनवणी करतो, कुणाचा नुसता ओळ वाचून दाखवतो.

कारायाननं ही सिंफनी बऱ्याचदा रेकॉर्ड केली. सगळी जमवत बसू नका, १९६२ चं पुरे. निकिशचं १९१३ चं मात्र खरखरीसकट एकदा ऐकाच.