वाचकांचे प्रश्न : चित्रपटांना पैसा पुरवणारी लहान कंपनी

प्रश्न : मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. चित्रपटांना कर्ज देणाऱ्या आणि त्यांचे हक्क विकणाऱ्या एका लहान कंपनीने सलग तीन वर्षे नफा दाखवला आहे. निवृत्तीच्या रकमेतील दोन लाख तिच्या शेअरमध्ये घालावेत का?

उत्तर : आपल्या परिस्थितीत मी घालणार नाही. 1998 साली चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा मिळाला, तरी बँका हात आखडताच घेतात; म्हणूनच अशा कंपन्यांना चढ्या व्याजाने कर्ज देता येते. मात्र तारण असते ते चित्रपटाचे हक्क, आणि चित्रपट डब्यात पडून राहिला, तर त्या हक्कांना गिऱ्हाईक कोठले?

नफ्यापेक्षा वार्षिक अहवालातील ‘येणे रक्कम’ पाहावी. हक्क सुपूर्द झाले की विक्री हिशेबात धरली जाते, पैसे मात्र हप्त्याहप्त्याने येतात. समजा, विक्री 40 कोटींची आणि येणे 34 कोटींचे असेल, तर सुमारे दहा महिन्यांची विक्री केवळ कागदावर आहे. तीन वर्षे नफा होऊनही व्यवसायातून रोकड आलीच नसेल, तर तो नफा मी तरी धरणार नाही.

शेअर एसएमई मंचावर, म्हणजे शेअर बाजाराच्या लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या वेगळ्या विभागात, असल्यास व्यवहार ठरावीक संख्येच्या लॉटमध्येच होतो आणि विकण्याच्या दिवशी घेणारा मिळेलच असे नाही.