सॅमन चेस यांची मुलीला लिहिलेली पत्रं आणि राष्ट्राध्यक्षपदाचा ध्यास

लिंकनचे अर्थमंत्री सॅमन चेस राष्ट्राध्यक्षपदामागे इतके का लागले होते आणि मुलीला लिहिलेल्या पत्रांतून त्याचा उलगडा होतो का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते होतो, आणि त्यांच्या भाषणांपेक्षा जास्त होतो.

चेस यांच्या तीन बायका एकामागून एक वारल्या. सहा मुलींपैकी उरल्या दोनच, केट आणि नेटी. केटला त्यांनी लहानपणीच न्यूयॉर्कच्या निवासी शाळेत ठेवलं आणि स्वतः सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेले. तिथून नेमाने पत्रं येत. त्यांत माया आहे, पण ती चुका काढत येते: अक्षर नीट नाही, स्पेलिंग चुकलंय, वर्णन रटाळ झालंय. मधेच, मरण कधीही येईल, तयारीत राहा, असंही लिहिलेलं. एवढ्याशा पोरीला हे लिहिलेलं वाचून मला गलबलून येतं. पण त्या घराने मरणं पाहिली होती, ती भीती खोटी नव्हती.

स्वतःलाही ते असंच घासूनपुसून तपासत. सिनसिनाटीत वकिली करताना पळून आलेल्या गुलामांची बाजू त्यांनी कोर्टात मांडली, ती मनापासून. त्यामुळेच आपण या पदाला सर्वांत लायक आहोत, हे त्यांना हाव नव्हे, कर्तव्य वाटायचं. 1860 मध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी हुकली, ती लिंकनना मिळाली. मग लिंकनचे अर्थमंत्री असताना, 1862 मध्ये, एक डॉलरच्या नोटेवर चेस यांचंच चित्र आलं. फेब्रुवारी 1864 मध्ये लिंकनऐवजी चेस हवेत, असं सांगणारं सिनेटर पॉमरॉय यांचं पत्रक फुटलं, तेव्हा ते लिंकनच्याच मंत्रिमंडळात होते! तरी लिंकननी त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना सरन्यायाधीश केलं.

केट मोठी झाली तशी पत्रंही बदलली. आता तिच्याशी राजकारणाची खलबतं होऊ लागली. 1868 मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा सरन्यायाधीश वडिलांसाठी हॉटेलात बसून सूत्रं हलवत होती ती केटच. उमेदवारी होरेशिओ सेमूर यांना गेली. ज्याच्यावर तुम्ही डोळे मिटून विश्वास टाकला त्यानेच दगा दिला, असं तिने वडिलांना कळवलं. या वेळी पत्रातून चूक दाखवून देणारी मुलगी होती.