तिच्या फोनची वही तुम्ही का लिहिताय?

मॅडम, नमस्कार. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावलाय, पण चाचणीत ७२० पैकी ३०० च्या पुढे सरकत नाही. कारण एकच, मोबाईल. ती झोपल्यावर मी तिचा फोन बघून रोजचा वापर वहीत उतरवतो. सरासरी साडेपाच तास. व्हॉट्सअॅपही वाचलं. वहीचे, फोनच्या वापराच्या स्क्रीनचे आणि चॅटचे फोटो सोबत पाठवतोय. मैत्रिणींना पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज, पण घरी पाहुणे आले की तोंडातून शब्द नाही. माझ्या थोरल्या भावाचा फोन उचलत नाही. जुलैमध्ये त्यांनी घरच्या ग्रुपवर पुराचा फोटो टाकला, तर हिने सगळ्यांदेखत 'हा २०१९ चा आहे' असं लिहिलं. तेव्हापासून घरात वातावरण बिघडलंय. फोन काढून घेऊन तिला लातूरला क्लाससाठी ठेवू का? की एवढाच नाद आहे तर सरळ मास कम्युनिकेशनला घालू?
— एक वडील, राजारामपुरी, कोल्हापूर

नमस्कार.

वहीचे आणि स्क्रीनचे फोटो मी सगळे पाहिले. चॅटचे पहिले दोन पाहून बाकीचे न उघडताच डिलीट केले. त्यात तिच्या मैत्रिणींची नावं आहेत, एकीच्या घरातलं भांडण आहे. त्या पोरींनी ते मला लिहिलेलं नव्हतं आणि तुम्हालाही नव्हतं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. गुणांचं नंतर बघू.

तिला पत्ता नाही असं तुम्ही धरून चाललाय. सोळा वर्षांच्या मुलीला आपला फोन रात्रीत कुणी हाताळला की कळतंच. कळल्यावर ती भांडत बसत नाही. चॅट लॉक करते, मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी सेटिंग लावते, इन्स्टाला दुसरं अकाउंट उघडते. मग तुम्ही रात्री जागून जे वाचता ते तिने तुमच्यासाठीच शिल्लक ठेवलेलं असतं. आणि उद्या खरंच कुणी अनोळखी माणूस फोटो मागू लागला, धमकावू लागला, तर ती तुमच्याकडे येणार नाही. तशी खरी शंका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिला सांगून, तिच्या समोर फोन बघा, सायबर पोलिसांकडे जा, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पण तुमच्या पत्रात शंका कुठेच दिसली नाही, राग पानोपानी दिसला.

आता वही. यूट्यूब २ तास १० मिनिटं, व्हॉट्सअॅप दीड तास, इन्स्टाग्राम १ तास १० मिनिटं, बाकी किरकोळ ४० मिनिटं. बेरीज बरोबर आहे. पण क्लासची लेक्चर्स यूट्यूबवर आणि नोट्स व्हॉट्सअॅपवर येतात हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. ती मिनिटं फोन वेगळी काढत नाही. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचं लेक्चर आणि मेकअपचा व्हिडिओ त्याच्या लेखी सारखेच. साडेपाच तासांतला अभ्यास किती, हे त्या आकड्यावरून तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. त्याच स्क्रीनवर आणखी एक आकडा असतो, दिवसात फोन किती वेळा उघडला त्याचा. तुमच्या फोटोत तो दिसतोय, ११२, आणि वहीत तुम्ही तो उतरवलेलाच नाही. मी तुमच्या जागी असते तर फक्त तोच उतरवला असता. जागेपणी दर आठ-दहा मिनिटांनी हात फोनकडे जातो असा त्याचा हिशोब. नीटच्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, त्यासाठी तीन तास जागचं न हलता बसावं लागतं. ती सवय तिला नाही, एवढं मात्र या ११२ वरून नक्की कळतं.

गंमत म्हणजे मोबाईलचा हिशोब मिनिटांपर्यंत, आणि गुणांचा? ३०० मध्ये फिजिक्स किती, बायोलॉजी किती, चुकीच्या उत्तरांचे उणे गुण किती गेले, एक अक्षर नाही.

वही बंद करू नका, फक्त ती तिच्या हातात द्या. आठवडाभर तिने स्वतः लिहावं: फोन कशासाठी उघडला होता, प्रत्यक्षात काय बघत बसले, कुणाशी टाईप करून बोलले आणि कुणाशी तोंडाने, कुठला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आठवला. तुम्ही ती वाचायची नाही. तुमची वही तुम्ही लिहा. हा टोमणा नाही, पण तुमचा मेल रात्री १२.४० ला आलाय आणि मोबाईलवरूनच आलाय.

आणि आता ती पुराच्या फोटोची गोष्ट. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत. मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटलं. पावसाळ्यात आपल्या गावात काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळीवर आणि ४३ ला धोका पातळीवर येतं हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, आणि तरी दरवर्षी जुने फोटो, भलतेच आकडे, 'आत्ताच आलेली बातमी' म्हणून घराघरात फिरतात. पाच किंवा त्याहून जास्त वेळा फिरून आलेल्या मेसेजवर व्हॉट्सअॅप दोन बाणांची खूण दाखवतं. २०२० पासून तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. ती खूण बघून थांबणारी माणसं मोजकीच. तुमच्या मुलीने फोटो पाहिला, शंका घेतली, जुना असल्याचं सांगितलं. ती बरोबर होती का? तुम्ही ते लिहिलेलंच नाही. घरात तो प्रश्न कुणी विचारला तरी का? थोरल्यांचा मान गेला एवढंच सगळ्यांना दिसलं. मग ती त्यांचा फोन का उचलत नाही याचं मला फारसं नवल वाटत नाही. पाहुण्यांसमोर गप्प बसण्याचंही तेच असू शकेल. बोलल्यावर काय होतं ते तिने एकदा पाहिलंय.

तिची चूक झालीच नाही असं नाही. काकांना आधी एक फोन करायचा, 'काका, फोटो जुना दिसतोय, तुम्हीच काढून टाका' म्हणायचं. ग्रुपवर काय लिहावं आणि एकट्याला फोन करून काय सांगावं, हे तिला अजून शिकायचंय. ते टाईप करून येत नाही. रोज एखादा कामाचा फोन तिला करू द्या: डॉक्टरांची वेळ घेणं, क्लासमध्ये चौकशी, बँकेत विचारपूस. शेजारी बसून वाक्यं पुरवू नका.

मास कम्युनिकेशनबद्दल मात्र स्पष्ट बोलते, कारण हा गैरसमज फार पालकांच्या डोक्यात आहे. मुलगा दिवसभर रील बघतो, म्हणजे त्याला मीडियाची आवड. खानावळीत रोज जेवणारा माणूस आचारी होत नाही. याच गावात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः तयार केला, इथेच १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. ती माणसं सिनेमा बघत बसली नव्हती, सुतारकामापासून सगळं करत होती. आजही या क्षेत्रात पहिल्याच वर्षी अनोळखी माणसाला फोन करून अडचणीचा प्रश्न विचारावा लागतो, रात्री आठच्या आत चारशे शब्द लिहून द्यावे लागतात, एक आकडा तीन ठिकाणी पडताळावा लागतो. काकांचा फोन न उचलणाऱ्या मुलीसाठी हा सोपा रस्ता नाही. नीटची परीक्षा जमेना म्हणून तिथे 'घालणं' तर सपशेल चूक. आकडा पडताळण्याची खोड तिला आहे, ती डॉक्टरलाही लागते आणि वकिलालाही. तेवढ्यावरून मी तिला पत्रकार ठरवणार नाही.

मार्गांचं थोडक्यात: मास कम्युनिकेशनची पदवी बारावी सायन्सनंतरही करता येते, शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, सिनेमा शिकवणाऱ्या पुण्याच्या एफटीआयआय या संस्थेचे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. म्हणजे आज अकरावीत कुठलंही दार बंद होत नाही.

लातूर नको. लातूर वाईट म्हणून नव्हे. स्वतः ठरवून गेलेली मुलं तिथे चांगली तयार होतात. तुम्ही तिला शिक्षा म्हणून पाठवताय, आणि घरातला अबोला ती सामानाबरोबर घेऊन जाईल. त्याऐवजी रोज तीन तास फोन घरी ठेवून तिने जवळच्या अभ्यासिकेत बसावं. पुढच्या दोन चाचण्यांचे गुण विषयवार मांडा, तिच्यासोबत बसून. मग नीटची तयारी चालू ठेवायचीय का, हे तिलाच विचारा. ती नाही म्हणाली, तर 'मग काय करणार?' हा प्रश्न त्याच दिवशी विचारू नका.