वाचकांचे प्रश्न : टीव्हीवर खेळू की हातात धरून?

प्रश्न : गेम खेळायला वेळ मिळतो तो रात्री सगळं आवरल्यावर अर्धा तास, कधी तोही नाही. टीव्हीला जोडायचा कन्सोल घेऊ की हातात धरायचा? निन्टेन्डोचा स्विच आणि कंप्युटरचे गेम चालवणारा स्टीम डेक, हातात धरायच्या या दोघांत घोळ होतोय.

उत्तर : हातातला घ्या. अर्ध्या तासवाल्याची वाट लागते ती खेळ सुरू होईपर्यंत. टीव्हीसमोर कोणीतरी बसलेलं असतं, ते उठलं की अपडेट येतो, मग मेनू, मग मागच्या वेळी कुठे होतो ते आठवत बसा, तोवर जांभया सुरू. स्विच (2017) आणि डेक (2022) दोन्हीत एक बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो आणि परत दाबलं की तिथूनच पुढे, उडी हवेत असेल तर हवेतच. टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन 5 लाही असाच रेस्ट मोड आहे, पण टीव्ही रिकामा हवा ना.

आता दोघांतलं. डेक 670 ग्रॅमच्या आसपास, स्विच जॉयकॉन (दोन बाजूंचे सुटे कंट्रोलर) लावून 400 च्या आत. कागदावर काही वाटत नाही, पण आडवं पडून तोंडासमोर धरा मग मनगटं सांगतील, मी तर डेक पोटावरच्या उशीला टेकवूनच खेळतो. मात्र कंप्युटरवर घेतलेले गेम पडून असतील तर डेकला तोड नाही. आत विंडोज नाही, लिनक्स आहे, विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या मधल्या थरामुळे चालतात आणि बहुतेक वेळा तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही, अडतं ते काही ऑनलाइन शूटरचं कारण त्यांचं अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सला दारातच उभं करतं. तुम्ही खेळणार असलेलं नाव आधी तपासा. आणि बॅटरी! पहिल्या डेकवर मोठा थ्रीडी गेम लावला तर दोन तासांत चार्जर शोधायची वेळ, स्टारड्यू व्हॅलीसारखा हलका गेम मात्र निवांत चालतो. अजून एक गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही, मोठ्या टीव्हीसाठी केलेल्या गेममधली अक्षरं सात इंची स्क्रीनवर मुंगीएवढी होतात, चाळिशी लागली असेल तर हे बॅटरीपेक्षा महत्त्वाचं.

अर्ध्या तासासाठी मी सुचवेन तो गेम : इन्टू द ब्रीच. 8 बाय 8 चा पट, तीन यंत्रं तुमची, आणि शत्रू पुढे कुठे मारणार ते आधीच दिसतं. म्हणजे नशिबाला शिव्या द्यायची सोय फारशी नाही. मध्येच सोडला तरी उद्या पट बघून दोन मिनिटांत डोकं जागेवर येतं, हे मोठ्या ओपन वर्ल्ड गेमचं होत नाही, तिथे आठवड्याने परत गेलं की आपण या डोंगरावर कशाला आलो होतो हेच आठवत नाही.

प्रश्न : नवीन मोठा टीव्ही घेतला, चित्र झकास, पण बटण दाबल्यावर माणूस जरा उशिरा उडी मारतो असं वाटतं. भास आहे का?

उत्तर : भास नाही. टीव्ही चित्र दाखवायच्या आधी त्याला घासूनपुसून घेतो, हलणारं चित्र गुळगुळीत करणं, नॉइज काढणं वगैरे, आणि त्यात वेळ जातो. सिनेमात तो कळत नाही कारण तिथे तुम्ही बटण दाबत नसता. सेकंदाला 60 फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची, म्हणजे टीव्हीने 100 मिलिसेकंद खाल्ले की तुम्ही सहा फ्रेम मागे. सेटिंगमध्ये गेम मोड शोधा आणि लावा. रंग जरा फिके वाटतील, लोक म्हणूनच तो बंद करतात, पण दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते, उशिराची सवय मात्र बोटांना होत नाही. नवीन टीव्हीवर एएलएलएम (कन्सोल सुरू झाला की गेम मोड स्वतःच लावणारी सोय) असेल आणि कन्सोललाही येत असेल तर हे आपोआप होतं, तरी एकदा डोळ्यांनी खात्री करा.

प्रश्न : पन्नाशी पार केलीय. मुलीने सेलेस्ट हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम लावून दिला, आवडला, पण पडून पडून जीव जातो. त्यातला असिस्ट मोड (खेळ सोपा करायची सोय) लावला तर ती चीटिंग म्हणते. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : तुमच्या मुलीला सांगा की ती खेळते त्या नेहमीच्या मोडमध्येही गेम तिला मदत करतोच, फक्त बोलत नाही. सेलेस्टमध्ये (2018) कड्यावरून पाय सुटल्यावरही थोड्या फ्रेम उडी मान्य होते, याला कोयोटी टाइम म्हणतात. जमिनीला टेकण्याआधी जरा लवकर बटण दाबलंत तरी ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी मारली जाते. उडताना डोकं कोपऱ्याला घासलं तर गेम हळूच बाजूला सरकवून घेतो. हे सगळं बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलंय, कारण मनात "मी तर दाबलं होतं!" आलं की माणूस कंट्रोलर आपटतो. असिस्ट मोड त्यांनीच दिलाय, वेग कमी करता येतो, दम न संपणं लावता येतं. मी तुमच्या जागी असतो तर आधी फक्त वेग 80 ते 90 टक्क्यांवर आणला असता, बाकी काही नाही, खेळ तोच राहतो आणि बोटांना विचार करायला जागा मिळते. हेडीज या मारामारीच्या गेममध्ये पण गॉड मोड आहे, तो तर मेल्यावर दर वेळी थोडा थोडा टणक करतो, कथा बघायची असेल तर सरळ लावा.

प्रश्न : कंट्रोलरला हात न लावता माणूस आपोआप चालायला लागतो. फेकून देऊ का?

उत्तर : थांबा. याला ड्रिफ्ट म्हणतात. अंगठ्याने कलवायच्या बहुतेक स्टिकच्या आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती कलली ते मोजणारा भाग, असतो, घासून घासून त्याची पट्टी झिजते किंवा धूळ बसते आणि स्टिक मधे असूनही यंत्राला ती कलल्यासारखी वाटते. गेममध्ये डेडझोनचं (स्टिक मधल्या जागेपासून किती हलली तरी दुर्लक्ष करायचं त्याचं) सेटिंग असेल तर ते जरा वाढवा, काही महिने ढकलता येतात. पुढचा घेताना हॉल इफेक्ट स्टिकवाला बघा, त्यात चुंबकाने मोजतात, घासायला पट्टीच नाही. नवलाई काही नाही हं, सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये मागच्या शतकातच हे होतं.

प्रश्न : फर्स्ट पर्सन गेममध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसतं त्या गेममध्ये, डोकं गरगरतं.

उत्तर : सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) वाढवा, मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) आणि चालताना कॅमेरा हलणं बंद करा, खोलीत दिवा ठेवा. मळमळ सुरू झाली की "अजून पाच मिनिटं" नको, त्याने संध्याकाळ जाते.

प्रश्न : घरात जुना गेमबॉय आणि पोकेमॉन रेडची कार्ट्रिज सापडली. चालतील का?

उत्तर : चालायची शक्यता बरीच. 1989 चं ते डिझाइन दणकट आहे, बॅकलाइट नाही म्हणून पहिला गेमबॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चालायचा, तर सेगाचा रंगीत गेम गिअर सहा सेल खाऊन लवकर आडवा व्हायचा. सेलच्या खणात हिरवट-पांढरा थर असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि नीट वाळवा. कार्ट्रिजची अडचण वेगळी. सेव्ह केलेलं टिकतं ते आतल्या बटण सेलच्या जोरावर, आणि तो इतक्या वर्षांत संपलेला असणार किंवा संपत आलेला. गेम सुरू करून "कंटिन्यू" दिसतंय का बघा. दिसत असेल तर नुसता सेल काढून नवा डकवू नका, सेल निघाला की सेव्ह गेलं. आधी कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिज कंप्युटरला जोडायचं यंत्र) सेव्ह कंप्युटरवर उतरवून घ्या, मग सोल्डरिंग येणाऱ्याकडून सेल बदला, मग सेव्ह परत चढवा.